अक्कांनी शेपटीवरून ओळखलेला सिनेमा

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, साक्रीकडच्या गावाहून जळगावला आल्या की आधी मेहरूणमधल्या आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांची विचारपूस करत, मग माझी. पिशवी दारात ठेवायच्या आणि कमरेवर हात देऊन विचारायच्या, "का रे लंगड्या, पाय बरा शे का?" लंगड्या शेपटीने उत्तर देई. शेजारणीने ऐकू नये म्हणून मी आतून खिडकी लावून घेई.

भुईमुगाच्या राखणीला कुत्र्यांच्या सोबतीने बसण्यात त्यांचा जन्म गेलेला. आमच्याकडेही पहिली लहान भाकरी कुत्र्याची. एकदा मी करपलेली भाकरी बाजूला काढली, तर म्हणाल्या, "जळेल भाकर देशी ते राखन बी जळेलच करी तो!"

मी धुळ्याची, इंग्रजी घेऊन बी.ए. पास कशी झाले, ते माझं मलाच ठाऊक. माहेरी आम्हीही अहिराणीच बोलायचो. पण जळगावात आल्यावर ती मी शालूबरोबर ट्रंकेत घालून ठेवली. अक्का मात्र भेटेल त्याला सांगत, "ही मनी शिकेल सून." आणि शिकलेली म्हटलं की मी मान अशी वर करी, की मोराने माझ्याकडे शिकवणी लावावी.

शहाऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हा रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ एका दिवसाच्या भाड्याने मिळत. सगळे हिंदी मारामारीचे सिनेमे आणत. मी ह्यांना मुद्दाम इंग्रजी आणायला लावला, कारण ह्यांच्या साहेबांच्या बाई मुलांना घेऊन येणार होत्या. ह्यांनी आणलं कुत्र्याचं जुनं, नावाजलेलं कार्टून. मग अक्कांना बाजूला घेऊन मी म्हणाले, "आज जरा कमी बोला हं. मोठी माणसं येणारेत."

अक्का म्हणाल्या, "बरं माय. गप बठस मी."

सतरंजीवर गल्ली भरली. शेव-मुरमुऱ्यांच्या भत्त्याच्या थाळ्या फिरल्या. सिनेमातली माणसं गरम शेंगदाणा तोंडात घोळवल्यासारखं बोलत होती. मला अवाक्षर कळेना. पण माघार कसली घेते! मी धडाधड भाषांतर सुरू केलं. वाट चुकलेला कुत्रा चिखलाने माखून घराच्या फाटकाशी येतो आणि म्हातारा मालक हात उंचावून ओरडतो, तिथे तर मी गहिवरून सांगितलं, "मालकाने ओळखलं नाही हो त्याला. हाकलतोय."

माझ्या सहा वर्षांच्या नीताने भोकाड पसरलं. तिच्या मागे साहेबांच्या मुलांनी. बाईंचा चेहरा उतरला. तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, "रडू नका रे पोरेहो. हाकली नई राहिना तो, बलाई राहिना. कुत्रानी शेपटी देखा ना! हाकली राहिना व्हता ते शेपटी पोटखाले जाती."

आणि खरंच, पडद्यावर म्हातारा धावत आला आणि त्या चिखलाच्या गोळ्याला मिठी मारून बसला.

पुढचा सिनेमा अक्कांनीच सांगितला. त्यातल्या प्रत्येक कुत्र्याला आमच्या एकेका नातेवाइकाचं नाव मिळालं. साहेबांच्या बाई डोळे पुसून हसत होत्या. जाताना म्हणाल्या, "आजी, तुम्हाला इंग्रजी येतं की!"

मी जमिनीत जायला जागा शोधत होते. अक्का म्हणाल्या, "नई वं माय. इंग्रजी बठ्ठं मनी सूनलेच समजस. मी ते निस्ती शेपटी देखी." सगळं इंग्रजी म्हणे मलाच समजतं!

त्या दिवशी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं, हे मात्र मी कुणाजवळच बोलले नाही. पण ते मला टोचत राहिलं.

बारा-तेरा वर्षांनी एका रविवारी दुपारी केबलवर तोच सिनेमा लागला. अक्का तेव्हा कायमच्या आमच्याकडे आल्या होत्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. नीताच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या, हेही घरी होते. संगीत कानावर पडताच अक्का उठून बसल्या. "तोच कुत्रा शे ना? सांग वं."

मी सांगू लागले, "तो आता रस्त्याने चालला आहे..."

"काय पुस्तक वाची राहिनी? आपली बोलीमा सांग."

मी मैत्रिणींकडे पाहिलं. मग अक्कांच्या दृष्टी गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ट्रंक उघडली. पहिली दोन वाक्यं अडखळली. तिसऱ्याला धुळ्याची माझी आईच माझ्या तोंडून बोलू लागली. नीता सिनेमा सोडून माझ्याकडे बघत बसली. तिने मला असं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं.

फाटक आलं. म्हातारा ओरडला. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"शेपटी कशी शे?"

"हाली राहिनी, अक्का. बठ्ठं आंग हाली राहिनं त्यानं."

अक्कांनी माझं मनगट सोडलं आणि अंदाजाने नीताकडे तोंड वळवलं.

त्याच वर्षी दिवाळीआधी अक्का गेल्या. माझं बी.ए.चं प्रमाणपत्र पुढे वाळवीने खाल्लं, त्याचं मला काही वाटत नाही. कारण त्या रविवारी नीताला त्या म्हणाल्या होत्या, "देख वं, आते शिकनी तुनी माय."