जगवाल्या मॅडमची खुर्ची

जगवाल्या मॅडमच्या तासाला 'ते लोक' असं म्हणायची सोय नव्हती. कुणी बोलण्याच्या भरात 'ते लोक ना, असेच असतात' म्हणून गेलं की मॅडम खडू खाली ठेवत, चष्मा डोक्यावर चढवत आणि अगदी गोड आवाजात विचारत, "कोण लोक? एकाचं नाव सांग." बहुतेकदा नाव सांगता येत नसे. सांगता आलंच तर पुढचा प्रश्न तयार असे, "त्याच्या घरी आज सकाळी काय शिजलं?" तिथं भलेभले आडवे व्हायचे. "माहीत नाही ना? मग बस खाली. आधी माहिती काढ, मग खुशाल नावं ठेव." आमच्यातले निम्मे जण या धाकानंच तोंड आवरायला शिकले. त्यात मीही आले.

खरं तर त्या राज्यशास्त्र शिकवायच्या. आठवडाभर राज्यघटना आणि पंचायत राज, आणि शनिवारी दुपारी जगाचा तास. हा तास कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हता. त्याला मार्क नव्हते, हजेरी नव्हती. आपण नाशिकचे, महाराष्ट्राचे, भारताचे, तसे जगाचेही नागरिक असतो म्हणजे नेमकं काय, कुणाच्या ताटात काय पडतं आणि का पडतं, यावर मॅडम आम्हाला बोलतं करायच्या. आमच्या कॉलेजात निम्मी मुलं निफाड-लासलगावकडून एसटीनं येणारी. शनिवारी दुपारची गाडी सोडणं जिवावर यायचं, तरी वर्ग भरायचा. 'जगवाल्या' हे नाव आम्हीच ठेवलं होतं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं आहे. मागच्या बॅचनं याहून वाईट ठेवलं होतं."

या जगवाल्या बाई आयुष्यात कधी विमानात बसल्या नव्हत्या. आमच्या वर्गातला सागर, निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, भलताच आगाऊ. त्यानं एकदा विचारलंच, "मॅडम, तुम्ही फॉरेनला गेल्या का हो कधी?" मॅडम म्हणाल्या, "नाही रे बाबा. पण रोज संध्याकाळी द्वारका चौकात अडकते की. स्कूटर बंद करून उभं राहायचं, जग आपोआप समोरून जातं. फक्त हॉर्न वाजवायचा नाही, बघायचं." सागर म्हणाला, "हे लय स्वस्तात झालं." मॅडम सगळ्यांच्या आधी हसल्या. त्यांच्यावर केलेला विनोद त्यांना स्वतःच्या विनोदापेक्षा जास्त आवडायचा.

डबा त्या आणत नसत. मधल्या सुट्टीत आमच्यात येऊन बसायच्या आणि प्रत्येकाच्या डब्यातला एकेक घास घ्यायच्या. याला त्या 'माझं परराष्ट्र धोरण' म्हणायच्या. त्यामुळे झालं असं, की मॅडम खातात म्हटल्यावर आम्हीही एकमेकांच्या डब्यात हात घालायला लागलो. माझ्या शेजारी बसायची शाहीन. तिच्या अब्बांची द्वारकेजवळ फळांची हातगाडी होती. तिची अम्मी दुधी घालून दालचा करायची आणि तो मॅडमना इतका आवडायचा की धोरण वगैरे गुंडाळून ठेवून त्या दुसरा घास मागायच्या. शाहीन मग घरून मोठा डबा आणायला लागली.

पण मॅडमचं खरं शस्त्र म्हणजे खुर्ची. शनिवारी त्या स्वतःची खुर्ची उचलून वर्गाच्या मधोमध मांडायच्या. तिच्यावर बसणाऱ्यानं आपलं नाव-गाव विसरून दुसऱ्याच्या जागी बसून बोलायचं. तेही 'मी' म्हणून. 'शेतकऱ्याला असं वाटतं' असं म्हटलं की मॅडम लगेच अडवायच्या, "त्याच्याबद्दल नको बोलू. त्याच्या तोंडानं बोल."

एकदा कांद्याची निर्यात बंद झाली होती. मी लासलगावची, आमच्या घरी त्या आठवड्यात चूल पेटत होती एवढंच, बाकी सगळं सुतकी. मॅडमनी नेमकं मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "तू कोलंबोत खानावळ चालवतेस. कांदा आलेला नाही." मला कोलंबो काय माहीत. मी आपली काहीतरी बडबडले, की गिऱ्हाईक चिडतंय, कोबी घालून वेळ मारून नेतेय. सागरला त्यांनी शहरात धुणीभांडी करणारी बाई केलं, जिला कांदा स्वस्त झाला म्हणून बरं वाटतंय. बोलता बोलता तो स्वतःच चपापला. आणि शाहीन झाली कांदा उत्पादक. ती बसली आणि म्हणाली, "माझा ट्रॅक्टर रांगेत उभा आहे. लिलाव पुकारणारा पुढच्या ट्रॉलीपाशी आलाय. मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, व्यापाऱ्यांच्या बोटांकडे बघतोय." ही मुलगी कधी बाजार समितीत गेली नव्हती. मी डबा खाताना जे बोलायचे ते तिनं मनात ठेवलं होतं. मॅडम त्या दिवशी म्हणाल्या, "कांदा एकच असतो गं, रडणारे निरनिराळे." खुर्चीवर शाहीनइतकं चांगलं कुणीच बोलत नसे, हे आम्ही सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. ते तिला एवढं सहज का जमतं, याचा विचार मात्र कुणी केला नाही. मॅडमनीसुद्धा नाही.

मग तो मेसेज आला. शहरात कुठंतरी काहीतरी झालं होतं, किंवा झालंही नव्हतं. तेव्हाही नक्की कळलं नाही आणि नंतरही नाही. अमक्या लोकांकडून फळं घेऊ नका, ते फळांना काहीबाही लावतात, असा तो मेसेज. सागरनं तो आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपचं नाव 'जगाचे नागरिक' होतं, आणि त्यात शाहीनही होती. विचारल्यावर सागर म्हणाला, "मला आला म्हून मी पाठिवला. मी कुठं काय म्हटलो?" शाहीननं ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी येऊन माझ्याशेजारी बसली. मी विषय काढला तर म्हणाली, "जाऊ दे ना." मधल्या सुट्टीत डबा उघडला, पण कुणापुढे सरकवला नाही.

बाकीचे शिक्षक मॅडमना म्हणाले, ग्रुप बंद करा, विषय वाढवू नका. मॅडमना ते पटेना. "झाकून ठेवलं की आंबतं," त्या म्हणाल्या. त्यांचा त्या खुर्चीवर देवावर असावा तसा विश्वास होता. शनिवारी त्यांनी ती मधोमध मांडली. सागरनं फळवाल्याच्या तोंडानं बोलायचं, आणि शाहीननं मेसेज पाठवणाऱ्याच्या. दोघांना सारखंच काम, सारखाच वेळ. मॅडमना ते अगदी न्यायाचं वाटलं. आम्हालाही वाटलं.

सागर बसला. "मी फळं विकतो," म्हणाला, मग कान खाजवला, मग म्हणाला, "मला नाय जमत मॅडम, लय अवघडल्यासारखं होतंय." वर्ग हसला, तोही हसला आणि उठून जागेवर गेला. त्याचं झालं.

शाहीन बसली. ओढणी सारखी केली आणि हलक्या आवाजात बोलायला लागली. "मी सागर. हा मेसेज मला मामानं पाठवला. मी पूर्ण वाचला पण नाय. मला शाहीनची भीती वाटत नाय, ती चांगली हाय, आपल्यातलीच हाय. तिच्या अब्बांची वाटते. मी त्यांना कधी पाहिलं नाय. आमच्या बागेतला जो माल एक्सपोर्टला जात नाय तो त्यांच्यासारखेच घेऊन जातात. पण आता त्यांच्या गाडीवरचं द्राक्ष मी खाणार नाय. ते माझ्या बागेतलं असलं तरी नाय." एवढं बोलून ती थांबली.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी 'भारी' म्हणालं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी पुढे होऊन शाहीनला जवळ घेतलं आणि आम्हाला म्हणाल्या, "बघा. याला म्हणतात जगाचा नागरिक." शाहीन त्यांच्या मिठीत नुसती उभी होती. मग तिनं डबा उचलला, पिशवीत घातला आणि बाहेर गेली. ती पुढच्या शनिवारी आली नाही, सोमवारी आली नाही, आणि नंतर कॉलेजात कधीच आली नाही.

मॅडम मला स्कूटरवर मागे बसवून तिच्या घरी गेल्या. दाराशी शाहीनच्या चपला होत्या. अम्मी म्हणाली, "तबियत ठीक नहीं उसकी." चहा झाला, बिस्किटं झाली, आतला पडदा हलला नाही. मॅडम पुन्हा गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. दर वेळी पदवी पूर्ण कर, परीक्षेला तरी बस, असा निरोप ठेवायच्या. शेवटी अम्मीच हात जोडून म्हणाली, "मॅडम, आप आते तो वो दो-दो दिन खाना नहीं खाती. आप मत आया करो." मॅडम 'बरं' म्हणाल्या आणि उठल्या. त्या दारातून बाहेर पडल्या तेव्हा मला त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

येताना द्वारकेला सिग्नलला अडकलो. मॅडम पाठमोऱ्याच बोलल्या. "सागरला जमलं नाही तर तो हसून खाली उतरला. त्याला उतरता येतं. या पोरीला कुठं उतरता येतंय? ती जन्मापासून दुसऱ्यांच्या मनात काय चाललंय याचाच अंदाज घेत जगतेय. आणि मी तिला तेच पुन्हा करायला लावलं, चारचौघांत, आणि वर शाबासकी दिली." मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. सिग्नल सुटला होता, मॅडमचं लक्ष नव्हतं.

जगाचा तास त्यांनी बंद केला. गंमत अशी की त्याच सुमारास कॉलेजला त्या तासाची फार गरज लागली. मूल्यांकन समिती यायची होती आणि जागतिक नागरिकत्व, समता असले शब्द तिला दाखवायला हवे होते. प्राचार्यांनी विनवलं, मोठा हॉल देऊ म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "जिच्यासाठी घ्यायचा ती घरी बसली, आणि मी इथं समतेचे फोटो काढून घेऊ?" त्यावरून त्यांचं आणि प्राचार्यांचं कायमचं बिनसलं. सागरचंही काही खरं नव्हतं. तो एकदा शाहीनच्या अब्बांच्या गाडीवर जाऊन तासभर घुटमळला आणि काहीच बोलता येईना म्हणून पिशवीभर डाळिंबं घेऊन आला. ती त्यानं वर्गात वाटली. का वाटतोय ते सांगितलं नाही, आणि आम्ही मुकाट्यानं खाल्ली.

आम्ही पास होऊन पांगलो. शाहीन लग्न होऊन मालेगावला गेली एवढंच कानावर आलं. मी नाशिकमध्येच नोकरीला लागले, म्हणून मॅडमकडे जाणं-येणं राहिलं. त्या निवृत्त झाल्या, मग आजारी पडल्या. श्वास पुरायचा नाही. तरी मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "शाहीनचं काही कळलं?" मला काहीच कळलेलं नसायचं. अगदी शेवटी दवाखान्यात नाकावरची नळी बाजूला करून म्हणाल्या, "तिनं पदवी घेतली असेल का गं?" मी म्हटलं, घेतली असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच नळी सारखी करायला लागले. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

दहावा झाल्यावर मी इकडून तिकडून शाहीनचा नंबर मिळवला. ती तिकडे एका शाळेत शिकवते. पदवी तिनं मुक्त विद्यापीठातून कधीच पूर्ण केली होती. हे ऐकलं आणि मला भडभडून आलं. इतकं साधं उत्तर होतं, एका फोनच्या अंतरावर होतं, आणि ते ज्यांना हवं होतं त्या राहिल्या नव्हत्या. मी तिला मॅडम गेल्याचं सांगितलं.

मग तिनं विचारलं, "तास चालू होता त्यांचा शेवटपर्यंत?"

"नाही गं. तू गेलीस त्याच महिन्यात बंद केला. परत कधीच घेतला नाही."

"असं कसं? मी आले होते एकदा," ती म्हणाली. "शनिवारीच. घरी न सांगता. गेटपर्यंत आले तर आतून माइकचा, गाण्याचा आवाज येत होता. वाटलं, चाललंय की सगळं छान, आपल्यावाचून कुणाचं काय अडलंय. म्हणून तिथूनच परत फिरले."

ती गॅदरिंगची तालीम होती. हॉलमध्ये चालायची. आणि मॅडम तास बंद केल्यावरही दर शनिवारी दुपारभर आमच्या त्या वर्गात दार उघडं ठेवून एकट्या बसायच्या. पेपर तपासते म्हणायच्या, पण समोर पेपर नसायचे. हे मला माहीत होतं. मी ते तिला सांगून टाकलं.

"म्हणजे त्या दिवशी होत्या आत?"

"असणारच."

तिची समजूत घालायला म्हणून मी तोंड उघडलं आणि मलाच हुंदका फुटला. काही केल्या थांबेना. मग शाहीन हळूच म्हणाली, "रडू नको गं. तुझी काय चूक आहे त्यात? रडू नको." किती तरी वेळ ती मला असंच समजावत राहिली. समजूत काढायचं काम पुन्हा तिच्याच वाट्याला आलं होतं, आणि ते मला फोन ठेवल्यावर कळलं.