वसंतभाऊंच्या स्लॅबवरचा डब्बा

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. भातकुलीकडच्या एका गावात घरोघरी वायफायचे डब्बे लावा, आपोआप जमतात. एका डब्ब्याने दुसऱ्याला सिग्नल द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. स्वस्त नेटची एवढीच आमची युक्ती. मधलं एक घर बंद पडलं की पुढचे सगळे बोंबलतात.

*

सर्व्हे आम्ही शहाण्यांनी फाल्गुनात केला. मधला कडुनिंब बोडका होता, फांद्यांतून शेवटचं, दिलीपचं घर लख्ख दिसत होतं. चैत्रात झाडाला पालवी फुटली आणि दिलीपचं नेट गेलं. त्याच्या पोरीचा, पूजाचा, नर्सिंगच्या नोकरीचा इंटरव्ह्यू ऑनलाइन होणार होता. माझा जोडीदार संजू झाडाकडे पाहत म्हणाला, "याले पानं बी येतात, हे आपल्याले सुचलंच नाही!"

*

आता रस्ता एकच उरला. दिलीपचा थोरला भाऊ, वसंतभाऊ, त्यांच्या स्लॅबवरून. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झाल्यापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. वसंतभाऊ म्हणाले, "त्याचं नेट माह्या घरावरून कावून जाईन?"

संजूने समजूत घातली, की ते हवेतून जाते, घराले शिवत बी नाही. बराच विचार करून त्यांनी डब्बा लावू दिला. लाइट गेल्यावर डब्बा चालू ठेवणारी बॅटरी मात्र नको म्हणाले. तुमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीसारखीच आहे, फक्त लहान, असंही संजूने सांगून पाहिलं. पण मले नेटचं कामच नाही, यावर ते अडून बसले.

*

मग दिलीपचं नेट रोज मधूनच जायला लागलं. वांदरांनी वायर तोडली असेल म्हणून आम्ही वर चढलो. वांदरं बिचारी ऊन खात बसली होती, वायर शाबूत होती. घरातलं बटणच बंद! शेतात जाताना वसंतभाऊ सगळी बटणं बंद करून जात. रिकाम्या घरात लाइट कायले जाळाची?

आम्ही पूजाच्या इंटरव्ह्यूचा दिवस तेवढा सांगून ठेवला. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

*

इंटरव्ह्यूच्या दिवशी ऐन वेळेला गावातली लाइट गेली. बाकी सगळ्या डब्ब्यांना बॅटरी होती, वसंतभाऊंच्याच नव्हती. मी आणि संजू अमरावतीहून बॅटरी घेऊन गाडी हाणत निघालो. पोरीची नोकरी हुकली असती तर दिलीपला काय तोंड दाखवणार होतो?

पोचलो तर दिलीपच्या घरातून पूजाचा आवाज येत होता. इंटरव्ह्यू चालू होता.

वसंतभाऊंच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता. बॉनेट उघडं, बॅटरीपासून निघालेली वायर थेट स्लॅबवर गेलेली. भाऊ सीटवर बसले होते. संजू काही विचारणार तोच खेकसले, "माह्याकडे काय पाहता? मी मोबाइलवर मॅच पाहून राहिलो."

हातात त्यांच्या जुना, बटणांचा मोबाइल होता.