भैरवीला कोण थांबणार?

पेटीकाका पेटी उघडण्याआधी समोरच्या खुर्च्यांना एकच प्रश्न विचारायचे, "भैरवीला कोण थांबणार? हात वर करा." लोकांना गंमत वाटायची. पण तो माणूस खरंच हात मोजायचा.

भैरवीनं मैफल संपते, मग उठायचं, ही जुनी रीत. पण आमच्या नाशिकच्या छोट्या हॉलांमधून तिथवर कोण पोचू देतंय? कुठे सोसायटीचा सत्यनारायण, कुठे ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा. काका मनमाडहून गाडीनं यायचे, पेटी काकूंच्या जुन्या लुगड्यात बांधलेली. तास झाला की कुणीतरी माईकवर यायचंच, "काका, आवरतं घ्या, लकी ड्रॉ आहे." काका भाता बंद करायचे. "चला, ही पण राहिली," एवढंच म्हणायचे. मीच चिडले एकदा, तर म्हणाले, "चिडून सूर लागतो का, बाई?"

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळात मीच त्यांना बोलावलं. फार थकले होते. हात वर करा म्हणाले, तर एकही हात वर जाईना. शेजारी बसलेली कुसुम माझ्या कानात म्हणते, "पैठणीचा खेळ कधी आहे गं?" मला मेलीला लाज वाटली. मी हात वर केला.

"बास," काका म्हणाले. "एक पुरे."

आणि बघा, मीच काय केलं! मध्येच आचारी सांगायला आला, वडे गार होतायत. दोन मिनिटांत येते म्हणून उठले, तर बायका माझ्यामागे. वाढता वाढता विसरलेच हो. काकांसाठी प्लेट घेऊन परतले, तर हॉलमध्ये नुसत्या खुर्च्या, आणि काका लुगड्याची गाठ मारत होते.

"सोडा ना ती गाठ, काका. मी बसते."

"राहू द्या, गाडीची वेळ झाली. पुढच्या वेळी." वडा मात्र आवडीनं खाल्ला.

पुढची वेळ आलीच नाही. दिवाळीआधी काका गेले. मी मनमाडला भेटायला गेले, तर काकूंनी माझा हात धरला. "तुम्हीच का त्या? संक्रांतीला किती खुशीत आले होते! म्हणाले, आज भैरवी झाली, एक बाई शेवटपर्यंत थांबली. कशी वाजवली हो?"

कोपऱ्यात पेटी होती, त्याच लुगड्यात.

"फार सुंदर," मी म्हटलं.

आता कुठेही गाणं असलं, की लोक खुर्च्या उचलायला लागले तरी मी बसूनच असते. सून म्हणते, "आई, उठा, संपलं."

"थांब गं," मी म्हणते. "राहिलीय."