सत्यभामा मावशींचा मानद पुरस्कार

पत्र आलं तेव्हा सत्यभामा मावशी खमरियातल्या घरी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचे यजमान अण्णा चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागले. फुटबॉलमधल्या उल्लेखनीय योगदानाबद्दल आमच्या फुटबॉल संघटनेनं मावशींना मानद पुरस्कार जाहीर केला होता. मावशींना वाटलं, पत्र चुकून आलं. त्यांनी लगेच मला फोन लावला.

"समिधा, तू त्या संघटनेत आहेस ना? सांग त्यांना, मी जन्मात बॉलला पाय नाही लावला. मले ऑफसाइडही समजत नाही."

त्यांचं नाव मीच सुचवलं होतं. तेवीस वर्षांपूर्वी मुलींचा संघ निघाला, तेव्हा मैदान होतं, बॉल होता, मुलीच मिळत नव्हत्या. मावशी दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे घरोघरच्या आया त्यांच्या ओळखीच्या. ड्यूटी संपली की त्या एकेका घरी जाऊन बसायच्या. एका आईला चिखलाचे कपडे धुवायचा वैताग होता. मावशींनी सगळ्या संघाच्या जर्सी स्वतःकडे धुवायला घेतल्या. माझ्या बाबांना हाफपँट चालत नव्हती. मावशींनी मला गुडघ्याखाली येईल अशी पँट शिवून आणली. दोन महिन्यांनी बाबाच म्हणाले, पोरगी पळताना अडखळते, जरा आखूड करा.

सोहळ्याला आम्ही जुन्या खेळाडू मिळून एकतीस जणी गेलो. कोणी रेल्वेत नोकरीला, कोणी शाळेत शिकवणारी, दोघींच्या कडेवर लेकरं. मावशींचं नाव पुकारलं आणि आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. त्यांनी भाषण पाठ केलं होतं, पण आम्हाला बघून ते पार विसरल्या. "तुम्ही सगळ्या आल्या, लय चांगलं वाटून राहिलं," एवढंच बोलून त्या खाली बसल्या. अण्णा मात्र टाळ्या वाजवायचे थांबेनात.

ती ट्रॉफी शोकेसमध्ये आठवडाभरही राहिली नाही. पनागरच्या प्रणोती नावाच्या मुलीला आमच्या संघात खेळायचं होतं, पण तिचे आजोबा नथ्थूजी तयार नव्हते. भाजीचा मळा त्यांचाच, घरात शब्दही त्यांचाच. रविवारी मावशी ट्रॉफी पिशवीत घालून मला घेऊन बसनं पनागरला गेल्या आणि ती नथ्थूजींच्या बाजेवर ठेवली.

नथ्थूजींनी ती फिरवून फिरवून पाहिली. "अच्छा, फुटबॉलची आहे. गोल किती मारले तुम्ही?"

"एकही नाही. लोकांच्या घरी चहा पिऊन पिऊन मिळाली. तुम्हीही एक कप पाजा, अन् पोरीले पाठवा."

नथ्थूजी खळखळून हसले. तरी पोर एवढ्या लांब एकटी कशी जाईल, हा प्रश्न त्यांनी विचारलाच. मी आणीन, मीच सोडीन, असं मावशी म्हणाल्या. त्यांच्या वयाकडे बघून नथ्थूजींना ते काही पटलं नाही. पुढच्या रविवारी ते स्वतःच नातीला मोपेडवर घेऊन सरावाला आले, आणि मग येतच राहिले.

महिन्याभरानं प्रणोती पहिला सामना खेळली. उत्तरार्धात तिनं डावीकडून बॉल काढला आणि गोल मारला. नथ्थूजी चपला हातात घेऊन मैदानात धावले, त्यांच्या मागे मावशी. पंचांना खेळ थांबवावा लागला.