प्रभा मॅडम आणि माझी डावी दाढ

प्रभा मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. मी आधी गॅस बंद केला, मग बसले. आता दीड महिना झाला...

नाशिकच्या एका कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होते. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएचडीला दात किडवणारे जीवाणू घेतले. साखर मिळाली की त्यांची कोणती जनुकं चालू होतात आणि दाताला चिकटायचा डिंक कसा तयार होतो, हे त्यांना शोधायचं होतं. "उपाशी असले की गप्प असतात गं. गोड दिसलं की कामाला लागतात. आपल्या स्टाफरूमसारखेच," असं म्हणून त्या हसायच्या. नमुना माझ्याच किडक्या दाढेतून घेतला. नळ्यांवर त्यांनी माझं नाव, 'शैला', लिहिलं आणि मला रोज सुनावायला लागल्या, "दाढ भरून घे." मी कशाला भीत नाही, पण दाताच्या डॉक्टरला भिते. चालढकल करत राहिले.

पुढे लोडशेडिंग सुरू झालं. कॉलेजच्या फ्रीजरचा भरवसा राहिला नाही. अंबडला, कारखान्यांच्या वसाहतीजवळ, आमच्याकडे वीज जरा कमी जायची, म्हणून नळ्यांचा डबा माझ्या फ्रीजमध्ये आला. दिवाळीच्या साफसफाईत बर्फ वितळवायला मी तो डबा ओट्यावर काढला आणि भांड्यांच्या ढिगामागे विसरले. दोन दिवस. नंतर त्यातलं काहीच वाढलं नाही. मॅडमची सगळी निरीक्षणं त्याच जीवाणूंवरची होती, आणि प्रबंधाची मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली.

"मॅडम, चूक माझी आहे," मी म्हटलं.

त्यांनी काहीच न उगवलेली काचेची बशी बाजूला ठेवली आणि विचारलं, "दाढ भरलीस?"

"नाही."

"आळशी आहेस ते बरं झालं. बस इथे, आ कर."

तेच जीवाणू पुन्हा मिळाले. ते तेच आहेत या पडताळणीत वर्ष गेलं, मुदत पुन्हा वाढवून घ्यावी लागली, पण प्रबंध झाला. त्या मात्र बशीत वाढ दिसताच, त्याच संध्याकाळी मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. "अहो, पुन्हा नमुना लागला तर?" मी पळवाट काढली. "माझ्या पीएचडीसाठी तू ठणका सोसायचा नाही," म्हणाल्या, आणि संपेपर्यंत माझा हात धरून उभ्या राहिल्या. त्या चुकीबद्दल पुढे कधी एक शब्द काढला नाही.

परवा डॉक्टर म्हणाले, दाढेत भरलेली चांदी जुनी झालीय, पांढरं सिमेंट भरू या. मी विचारलं, "घट्ट आहे ना? मग राहू द्या." गोड काही खाल्लं की जीभ आपोआप तिथे जाते, आणि मी उठून चूळ भरते.