कॅमेरा येणार म्हणून

आमच्या गावची पोर भूमिका, तिचे पाय कधी एका जागी टिकले नाहीत. लहानपणी ती धानाच्या शेताच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, चालत नसे, धावत असे. गोंदियातल्या एका केबल वाहिनीत बातमीचं काम शिकायला लागली, तेव्हा तिची आई जमुनाबाई म्हणाली, "आता तरी खुर्चीवर बसशील." खुर्ची कुठली! सहा महिने तिनं कॅमेऱ्याचा स्टँड वाहिला, माइकच्या वायरी गुंडाळल्या, दुसऱ्यांच्या बातम्यांखालच्या पट्ट्या लिहिल्या.

ऑगस्टच्या शेवटी बातमीप्रमुख हिमांशू सर म्हणाले, "शनिवार तक एक खबर लाओ, खुद की. नहीं तो घर की खेती देखो."

बातमी तिच्याजवळ होतीच. आमगावच्या पलीकडचं आमचं गाव आणि त्याचा शाळेकडे जाणारा रस्ता. चार पावसाळे झाले, पोरं चपला हातात घेऊन चिखलातून जातात. शुक्रवारी तिनं आईला फोन केला, "उद्या कॅमेरा घेऊन येऊन राहिली. रस्त्याची बातमी आहे."

तिथंच चुकलं. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आंगण सारवायचंच. याच मातीत वाढलेली पोर नेमकं तेच विसरली.

शनिवारी ती कॅमेरावाल्या जागेश्वरच्या गाडीवरून उतरली आणि उभीच राहिली. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मुरमानं लाल झालेला. पोरं धुतलेल्या कपड्यांत, पायांत बूट घालून रांगेत. ट्रॅक्टरवाला टिकाराम फावडं टेकून हसत होता.

"मामा, हे काय केलं?"

"तुयी इज्जत ठेवली. टीव्हीवर गावाचा चिखल कायले दाखवाचा?"

"अहो, चिखलच त बातमी होती!"

पोरांच्या मागं उभ्या बायकांतली देवकाबाई म्हणाली, "रडू नको व पोरी. मुरूम खरडून काढतो, दोन घागरी पाणी ओततो. घे तुया चिखल."

बायका हसल्या. जागेश्वर कानाशी कुजबुजला, "करवा ले. शाम का बुलेटिन है."

भूमिका त्या रस्त्यावरून जाऊन आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. हो म्हटलं की नोकरी पक्की. तिसऱ्या फेरीला टाच एका जागी रुतली आणि मुरमाखालून गढूळ पाणी वर आलं. ती थांबली. जागेश्वरचा कॅमेरा चालूच होता. मग माइक टिकारामपुढे धरला.

"मामा, मुरूम किती टाकला?"

"सात ट्रॉल्या."

"मग चार वर्षं काऊन नाही टाकला?"

"सरकारचा रस्ता होय. आपण केला, त ते कायले करतील?"

"आणि आज?"

टिकारामनं डोकं खाजवलं. "आज तू येऊन राहिली ना."

गोंदियात सरांनी चित्रण पाहिलं. "कीचड़ कहाँ है?"

तिनं टाचेचं दृश्य लावलं. लाल मुरूम दबला, पाणी वर आलं. सरांनी ते दोनदा पाहिलं. "पैर किसका है?"

"मेरा, सर."

"रहने दो."

संध्याकाळी सारं गाव टिकारामच्या ओसरीत टीव्हीसमोर बसलं. टिकाराम दिसला, सात ट्रॉल्या ऐकू आल्या. भूमिकेचा चेहरा कुठंच नव्हता. शेवटी फक्त एक टाच दिसली.

"तिचीच," जमुनाबाई म्हणाली. "घरात कधी टेकली नाही."

तेवढ्यात जमुनाबाईचा फोन वाजला, गोंदियाहून भूमिका बोलत होती. सरांनी पुढच्या शनिवारपर्यंत दुसरी बातमी मागितली होती.

"कोणत्या गावची?" आईनं विचारलं.

"ते नाही सांगत," भूमिका म्हणाली.