शिवप्पांच्या दुकानाची उभी पाटी

कुठून सुरुवात करू, तुम्हीच सांगा! स्वतःचा गाढवपणा सांगायला बसलं की माणूस आधी दुसऱ्याच्या गाढवपणाकडे वळतो. मी तसं करणार नाही. हा सगळाच्या सगळा माझा, त्यात कुणाची भागीदारी नाही. चहा घ्या, आणि ऐका.

बोलपट नुकतेच आले होते त्या दिवसांतली गोष्ट. सोलापुरात दुकानाला पाटी रंगवून हवी असली की लोक भवानी पेठेत यायचे. भवानी पेठेत कुणाकडे? माझ्याकडे. शंकर पेंटर! माझ्या हातची पाटी म्हणजे भरगच्च काम. मधे दुकानाचं नाव, चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी, वर गणपती, दोन्ही बाजूंना पोपट, आणि तरीही जागा उरलीच तर एखादा मोर. पत्रा कोरा सोडणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, असं माझं मत होतं. गिऱ्हाईकही पाटी न्यायला आलं की आधी पोपट मोजायचं आणि मग नाव बरोबर आहे का ते बघायचं.

मग नरसय्या आला. विणकराच्या घरातला माणूस. लहानपणापासून मागावर बसलेला, आणि मधेच काय मनात आलं कुणास ठाऊक, कुंचला हातात घेतला. आमच्या पेठेतल्या घड्याळवाल्याची पाटी त्यानं पहिल्यांदा केली. पांढरा रंग, त्यावर काळी अक्षरं, कडेनं एक लाल रेघ. संपलं. अर्ध्याहून जास्त पाटी कोरी! मला वाटलं, बिचाऱ्याचा रंग संपला असेल. पण लोक त्या पाटीसमोर उभे राहायला लागले.

एकदा मी तोंड गोड करून त्याला विचारलंच, की बाबा, एवढी जागा मोकळी का सोडतोस?

“पेंटर, लुगडं बगा की,” तो म्हणाला. “सगळीकडं बुट्टीच भरली तर काठ कोन बगनार? आंग मोकळं ठेवलं की काठ उठतोय.”

मी मान डोलावली आणि घरी येऊन हातातल्या पाटीवर दोन पोपट जास्त काढले.

तुमच्यापासून काय लपवायचं, मला त्याचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, अंघोळीला बसलो तरी वाटायचा. त्यात एकदा काय झालं, बायकोबरोबर बाजारात निघालो होतो. हातात पिशवी घेऊन ती त्या घड्याळवाल्यासमोर थांबली. थांबली ती थांबलीच. मी विचारलं, घड्याळ घ्यायचंय का? तर म्हणते, “काही नाही. बघायला बरं वाटतं.” अकरा वर्षांच्या संसारात ती माझ्या एकाही पाटीसमोर थांबली नव्हती.

आता शिवप्पा. कापडाचे मोठे व्यापारी. त्यांच्या आधीच्या दोन्ही दुकानांच्या पाट्या माझ्या. त्यांनी बाजारातल्या एका बोळात तीन मजली नवं दुकान बांधलं. बोळ इतका अरुंद की समोरून टांगा आला तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. म्हणून त्यांना उभी पाटी हवी होती. गच्चीपासून थेट दारापर्यंत, एकाखाली एक अक्षर: शिवप्पा चादरवाले. एवढी मोठी पाटी तोवर बाजारात झाली नव्हती. ती करील तो सोलापूरचा पहिला पेंटर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ती दिली कुणाला? नरसय्याला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पंधरवड्यानं कळलं की पाटी रंगवून झालीय आणि नरसय्या भाचीच्या लग्नाला अक्कलकोटला गेलाय. मी सहज म्हणून शिवप्पांकडे गेलो. सहज, बरं का! मागच्या वखारीत पाटीचे तीन तुकडे जमिनीवर ओळीनं मांडून वाळत ठेवले होते. मी बघितलं आणि मला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता.

सगळ्यात वरचा ‘शि’ पुरुषभर उंच. त्याखालचा ‘व’ त्याहून लहान, ‘प्पा’ आणखी लहान. असं करत करत खालचा ‘ले’ अगदी हातभर. शिवाय सगळी अक्षरं कुणी वरून ओढून धरल्यासारखी लांबुडकी. अहो, शिकाऊ पेंटरची ही पहिली चूक! सुरुवातीला जोरात मोठी अक्षरं काढायची आणि जागा संपत आली की उरलेली चेंगरून बसवायची. आम्ही सगळ्यांनी शिकताना ती केलेली असते आणि तिच्यापायी गुरूचा मारही खाल्लेला असतो.

मी शिवप्पांना हाताला धरून वखारीत आणलं. ते म्हणाले, नरसय्या बजावून गेलाय, अक्षरांना हात लावू नका, पाटी वर चढल्यावर बघा.

“वर चढल्यावर अक्षरं वाढणार आहेत का, अण्णा?” मी विचारलं.

शिवप्पांनी गज मागवला. पहिलं अक्षर भरलं दोन गज, शेवटचं अर्धा गज. कापड विकून म्हातारा झालेला माणूस तो, गजावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यांचा चेहरा उतरला. उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. मी म्हटलं, काळजी कशाला करता, मी फुकट दुरुस्त करून देतो. फुकट! हेवा माणसाला किती उदार करतो बघा.

तीन दिवस मी वखारीतून हललो नाही. खडूची दोरी ताणून रेघा मारल्या, आणि आठही अक्षरं एकाच मापाची केली. नरसय्यानं दोन्ही अंगांना सोडलेली कोरी जागा मला बघवेना, म्हणून प्रत्येक अक्षराच्या अल्याड-पल्याड एकेक पोपट. आठ अक्षरं, सोळा पोपट. खालच्या कोपऱ्यात त्यानं नखाएवढं आपलं नाव लिहिलं होतं, ते पुसलं. फुकट काम करतोय तर निदान नाव तरी राहावं म्हणून तिथंच हातभर पट्टी आखली आणि लाल रंगात, पिवळ्या काठानं लिहिलं: शंकर पेंटर, भवानी पेठ. शिवप्पांनी आठही अक्षरांना गज लावून बघितला आणि माझी पाठ थोपटली.

उद्घाटनाच्या सकाळी दोर लावून पाटी वर चढवली. नारळ फुटला. बोळातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. मीही केली. खालून ती पाटी मी पहिल्यांदाच बघत होतो!

वर गच्चीशी ‘शि’ होता, असं मला माहीत होतं म्हणून मी म्हणतो. दिसत होती ती चेंगरलेली पाल. ‘व’ आणि ‘प्पा’ मिळून एकच डाग. सोळा पोपट पन्हाळीखालच्या शेवाळासारखे भिंतीवर चढत गेले होते. नजर खाली यावी तशी अक्षरं मोठी व्हायला लागली, आणि दारावर, हात वर केला तर लागेल एवढ्या अंतरावर, अख्ख्या पाटीत वाचता येण्यासारखी एकच ओळ होती. शंकर पेंटर, भवानी पेठ.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नरसय्याची जागा संपली नव्हती. लांबचं अक्षर मोठं आणि जवळचं लहान काढलं की खालून बघणाऱ्याला सगळी सारखी दिसतात, हा हिशेब त्यानं आधीच केला होता. बोळात मान वर करून बघणाऱ्या माणसासाठी काढलेली पाटी मी जमिनीवर गज लावून दुरुस्त केली होती. वीस वर्षं दाराच्या चौकटीवरच पाट्या लावत आलो, मला उंचीचं काय कळणार?

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाला पेढे ठेवले असते. पण शिवप्पांनी खेडोपाडी हस्तपत्रकं वाटली होती. नव्या दुकानात चादरी लई स्वस्त, या! लोक आले. वर बघितलं, काही वाचता येईना. खाली बघितलं तर नाव आणि पत्ता स्वच्छ. मग काय, दुकान भवानी पेठेत आहे असं समजून निघाले तडक माझ्या घरी.

पहिलं आलं ते मोहोळकडचं म्हातारं जोडपं. बायकोनं सांगितलं, आम्ही चादरी विकत नाही.

“असं कसं?” म्हातारा म्हणाला. “बोर्डावर तर हितलाच पत्ता हाय की.” आणि ओसरीवर बसला.

दुपारपर्यंत ओसरीवर सात कुटुंबं. एका बाईनं आमची दोरीवर वाळत घातलेली गोधडी चाचपली आणि रंग पक्का आहे का ते विचारलं.

मी घाईघाईनं दारावर पाटी रंगवून लावली, ‘येथे चादरी मिळत नाहीत’. पण हाताची सवय जाते कुठं? वर गणपती काढला, बाजूला पोपट. लोक गणपती बघायचे, नमस्कार करायचे, वहाणा काढायचे आणि आत यायचे.

उद्घाटनानंतर पाचव्या दिवशी नरसय्या परत आला. आधी बोळात गेला आणि मग माझ्या दारात. मला वाटलं, आता हा भांडणार. भांडला असता तर बरं झालं असतं.

“पेंटर,” तो म्हणाला, “तुमचं नाव लई उठलंय.”

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, “नरसय्या, मला तुझा हेवा वाटला रे.”

“व्हय, ते पोपटावरनं कळलंच की,” तो म्हणाला, आणि शिवप्पांची पाटी उतरवायला गेला.

ती त्यानं आठ दिवसांत पहिल्यासारखी केली. पण तोवर गावोगाव माझा पत्ता पोचला होता, माणसं थांबेनात. शेवटी बायकोनं मला न विचारता नरसय्याच्या हातात एक फळी दिली. त्यानं ती पांढरी केली, मधोमध काळ्या अक्षरांत ‘चादरी शिवप्पांकडे’ एवढंच लिहिलं आणि खाली बाजाराच्या दिशेनं एक हात काढला. ती दारावर लागली त्या दिवसापासून एक माणूस आत आला नाही. बायको मात्र येता-जाता अंगणात थांबून बघते.

महिन्याभरानं जेऊरचा एक हॉटेलवाला दारात येऊन उभा राहिला. पाटी वाचली, चार पावलं मागं जाऊन पुन्हा वाचली. मी टोपी नीट केली.

“पेंटर, लई झाक हाय,” तो म्हणाला. “माज्या हॉटेलाला अश्शीच पायजे.”

खोटं कशाला बोलू, ‘होईल’ म्हणायला मी तोंड उघडलं होतं. एवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, की ते काम नरसय्याचं, त्याचं घर दोन बोळ सोडून आहे. मग मीच त्या माणसाला पोचवायला निघालो. वाटेत त्यानं विचारलं, “मग तुमी काय करता?”

“मी?” मी म्हटलं. “चादरी पाहिजे असल्या तर शिवप्पांचा पत्ता सांगतो, आणि पाटी पाहिजे असली तर नरसय्याचा.”